‘मिस बॉम्बे’पासून राज्यांच्या सॅशपर्यंत: प्रादेशिक सौंदर्यस्पर्धा, त्यांच्या विजेत्या आणि किताबाचे वजन

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपल्या पुतणीने जिल्हा पातळीवरच्या एका सौंदर्यस्पर्धेत उपविजेतेपद मिळवले आहे. आता तिला राज्य पातळीवरच्या दोन-तीन स्पर्धांची निमंत्रणे आली असून प्रत्येक आयोजक माजी विजेत्यांची नावे सांगून आपलीच स्पर्धा सर्वांत प्रतिष्ठेची असल्याचे पटवून देत आहे. या प्रादेशिक स्पर्धांचा खरा इतिहास काय, त्यांतून पुढे कोण गेले आणि राज्याच्या किताबाला किंमत किती द्यावी, हे आपल्याला जाणून घ्यायचे आहे. स्पर्धकांची तयारी करून घेणे आणि अधूनमधून परीक्षक म्हणून बसणे हे माझे अनेक वर्षांचे काम असल्यामुळे मी याचे उत्तर जरा विस्ताराने देते.

प्रादेशिक किताबाचे वजन त्याच्या नावावर, मुकुटावर किंवा समारंभाच्या झगमगाटावर ठरत नाही. त्या किताबाची मानकरी पुढच्या कोणत्या मंचावर पाठवली जाते आणि तिला तिथे पाठवण्याचा अधिकार आयोजकाकडे आहे का, यावरच ते ठरते. आंतरराष्ट्रीय स्पर्धा प्रत्येक देशातील एखाद्या संस्थेला परवाना देतात आणि त्या देशाची स्पर्धक निवडण्याचा हक्क त्या संस्थेकडे राहतो. हा परवाना एका हातातून दुसऱ्या हातात गेला की कालपर्यंत शिखरावर असलेला किताब आज मधल्या पायरीवर येतो. गेल्या साठ वर्षांतील विजेत्यांच्या याद्या वाचताना हे सूत्र धरले नाही, तर एकाच वर्षी दोन-दोन ‘मिस इंडिया’ कशा, असा गोंधळ उडतो.

आपल्याकडची पहिली ‘मिस इंडिया’ म्हणून १९४७ साली निवडल्या गेलेल्या अभिनेत्री प्रमिला, म्हणजे एस्तेर व्हिक्टोरिया अब्राहम, यांचे नाव घेतले जाते. १९५२ मध्ये अमेरिकेत लाँग बीचला पहिली मिस युनिव्हर्स स्पर्धा झाली, तेव्हा नृत्यांगना इंद्राणी रहमान तिथे भारताच्या प्रतिनिधी होत्या. मिस वर्ल्ड ही स्पर्धा एरिक मॉर्ली यांनी १९५१ मध्ये ब्रिटनमध्ये सुरू केली होती आणि तिथे भारतातर्फे १९५९ मध्ये फ्लूर एझिकेल गेल्या. या सगळ्या सुट्या घटना होत्या. दरवर्षी नेमाने चालणारी, शहरापासून देशापर्यंत चढत जाणारी व्यवस्था उभी राहिली ती मुंबईतून निघणाऱ्या दोन इंग्रजी महिला नियतकालिकांमुळे. त्यांतले एक ‘ईव्ह्ज वीकली’ आणि दुसरे १९५९ मध्ये सुरू झालेले ‘फेमिना’.

फेमिनाने १९६४ पासून आपली मिस इंडिया स्पर्धा सुरू केली. पहिल्या वर्षी मेहर कॅस्टेलिनो मिस्त्री आणि दुसऱ्या वर्षी पर्सिस खंबाटा विजेत्या ठरल्या. या स्पर्धेची विजेती मिस युनिव्हर्सला जात असे. ईव्ह्ज वीकलीच्या स्पर्धेची विजेती मिस वर्ल्डला जात असे आणि त्या स्पर्धेच्या खाली शहराच्या पातळीवर ‘मिस बॉम्बे’सारखे किताब होते. प्रादेशिक स्पर्धेची ताकद काय असू शकते, याचे आपल्याकडचे सर्वांत जुने आणि आजही सर्वांत चांगले उदाहरण याच ‘मिस बॉम्बे’तून आले. म्हणून त्याविषयी थोडे अधिक सांगते.

रीटा फारिया मूळच्या गोव्याच्या कुटुंबातल्या. त्या माटुंग्यात वाढल्या आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात वैद्यकीय शिक्षण घेत होत्या. १९६६ मध्ये त्यांनी आधी मिस बॉम्बे आणि मग ईव्ह्ज वीकलीची मिस इंडिया जिंकली आणि त्याच वर्षी १७ नोव्हेंबरला लंडनमध्ये त्या मिस वर्ल्ड झाल्या. हा मान मिळवणारी आशियातील ती पहिली स्त्री. तयारी म्हणाल, तर आजच्या मुलींना खरे वाटणार नाही. त्यांची साडी उसनी होती आणि पोहण्याचा पोशाख पर्सिस खंबाटा यांच्याकडून मागून आणलेला होता. लंडनच्या सट्टेबाजांनी त्यांना ६६ ला १ असा भाव दिला होता, म्हणजे त्या जिंकतील असे जवळजवळ कोणालाच वाटत नव्हते. किताबाचे वर्ष पूर्ण झाल्यावर मॉडेलिंग आणि चित्रपट यांची वाट न धरता त्या वैद्यकीय शिक्षणाकडे परतल्या, लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमध्ये शिकल्या आणि पुढे आयर्लंडमध्ये डॉक्टर म्हणून स्थिरावल्या.

या घटनेतून आपल्या कामाचे काय, तर शहराचा किताब, देशाचा किताब आणि जागतिक मंच या तीन पायऱ्या एकाच जिन्याच्या होत्या. मिस बॉम्बेला मोल होते ते ईव्ह्ज वीकलीकडे लंडनला मुलगी पाठवण्याचा अधिकार असल्यामुळे. तोच किताब एखाद्या क्लबाच्या वार्षिक मेळाव्यात दिला गेला असता, तर त्याची आठवण सभासदांपलीकडे कोणी ठेवली नसती. त्याच १९६६ मध्ये फेमिनाची मिस इंडिया यास्मिन डाजी होत्या आणि त्या मिस युनिव्हर्समध्ये तिसऱ्या उपविजेत्या ठरल्या. त्यामुळे ‘१९६६ ची मिस इंडिया कोण’ या प्रश्नाला दोन बरोबर उत्तरे आहेत. तसेच १९८१ मध्ये मीनाक्षी शेषाद्री यांनी जिंकलेली स्पर्धा ईव्ह्ज वीकलीची आणि १९८४ मध्ये जुही चावला यांनी जिंकलेली फेमिनाची. वर्तमानपत्रांत दोघींचाही उल्लेख नुसता ‘मिस इंडिया’ असा होतो आणि तिथूनच याद्यांची सरमिसळ सुरू होते. पुढे ईव्ह्ज वीकली मागे पडले आणि नव्वदच्या दशकात मिस युनिव्हर्स व मिस वर्ल्ड या दोन्हींची तिकिटे फेमिनाकडे आली. त्या दशकातील भारतीय यशामागे बाजारपेठ खुली झाल्याचे कारण नेहमी सांगितले जाते. त्यात तथ्य आहेच, पण दोन्ही मंचांसाठीची निवड आणि प्रशिक्षण एकाच छताखाली आल्याचा वाटाही मी तितकाच मोठा मानते.

आपण पाठवलेल्या माहितीपत्रकांपैकी एकात ‘आशिया पॅसिफिक’ किताबाचा उल्लेख आहे, म्हणून त्याचाही इतिहास पाहू. राज्याच्या नव्हे तर खंडाच्या अर्थाने ही प्रादेशिकच स्पर्धा. ती १९६८ मध्ये फिलिपिन्समध्ये सुरू झाली. १९७० मध्ये फेमिनाने पाठवलेल्या झीनत अमान तिथे जिंकल्या आणि हा किताब मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय ठरल्या. १९७३ मध्ये तारा अ‍ॅन फोन्सेका यांनी तो पुन्हा आणला आणि मग थेट २००० मध्ये दिया मिर्झा यांनी मनिलाला तो जिंकला. २००० हे वर्ष तसे अपूर्वच होते. मे महिन्यात लारा दत्ता सायप्रसमध्ये मिस युनिव्हर्स झाल्या, नोव्हेंबरच्या अखेरीस प्रियांका चोप्रा लंडनमध्ये मिस वर्ल्ड झाल्या आणि पाठोपाठ दिया मिर्झा यांचा विजय आला. एकाच फेमिना मिस इंडिया स्पर्धेतून निवडलेल्या तिघीही त्याच वर्षी आपापले आंतरराष्ट्रीय मुकुट घेऊन परतल्या.

यानंतर मात्र या स्पर्धेचे महत्त्व आपल्याकडे झपाट्याने घटले. २००१ मध्ये फिलिपिन्समध्येच मिस अर्थ ही पर्यावरणाचा विषय घेऊन चालणारी स्पर्धा सुरू झाली आणि फेमिनाने आपल्या तिसऱ्या विजेतीचे तिकीट तिकडे वळवले. मूळ आशिया पॅसिफिक स्पर्धा २००५ नंतर काही वर्षे बंदच पडली आणि २०१६ मध्ये नव्याने उभी राहिली. दरम्यान दक्षिण कोरियात ‘मिस एशिया पॅसिफिक वर्ल्ड’ नावाची वेगळीच स्पर्धा निघाली. ती २०१२ मध्ये हिमांगिनी सिंह यदु आणि २०१३ मध्ये सृष्टी राणा या भारतीय मुलींनी जिंकली. (सृष्टी राणा परतल्या तेव्हा मुंबई विमानतळावर सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी त्यांचा मुकुटच ताब्यात घेतला होता. परदेशी स्पर्धेला निघालेल्या मुलींना मी बक्षिसाच्या किमतीची कागदपत्रे आयोजकाकडून आधीच मागायला सांगते.) झीनत अमान यांची स्पर्धा आणि सृष्टी राणा यांची स्पर्धा या दोन स्वतंत्र संस्थांच्या आहेत. तुमच्या माहितीपत्रकात या दोघींची छायाचित्रे एकाच परंपरेच्या विजेत्या म्हणून शेजारी-शेजारी छापली आहेत. एवढ्यावरूनच त्या आयोजकाचा गृहपाठ कळतो.

आता मराठी मुलींकडे वळते, कारण आपल्या पुतणीला त्यांचीच उदाहरणे उपयोगी पडतील. नागपूरच्या मधू सप्रे १९९२ मध्ये फेमिना मिस इंडिया झाल्या. त्या मूळच्या खेळाडू आणि मैदानातून आलेली शरीराची सहजता त्यांच्या चालण्यात दिसे. मिस युनिव्हर्ससाठी त्या बँकॉकला गेल्या आणि अंतिम तिघींत पोहोचल्या. देशाची सूत्रे हाती आली तर पहिले काम कोणते कराल, असा प्रश्न तिथे आला. त्यांनी खेळांसाठी मोठे क्रीडासंकुल उभारण्याचे उत्तर दिले आणि त्या दुसऱ्या उपविजेत्या ठरल्या. मुकुट नामिबियाच्या मिशेल मॅक्लीन यांना मिळाला. या एका उत्तराने मुकुट हुकला असे आजही सर्रास सांगितले जाते आणि ग्रूमिंगच्या वर्गांत ते ‘काय बोलू नये’ याचा नमुना म्हणून शिकवले जाते.

मला ही शिकवण अर्धवट वाटते. ज्या मुलीने आयुष्य मैदानावर काढले, तिने मैदानाविषयी बोलणे हे खोटेपणाने गरिबी हटवण्याच्या गप्पा मारण्यापेक्षा कितीतरी प्रामाणिक होते. उणीव होती ती दुव्याची. चांगले मैदान नसल्यामुळे लहान गावातील मुलीचे काय होते, शाळा सुटल्यावर ती कुठे जाते, खेळामुळे तिला घराबाहेर पडण्याचे कोणते निमित्त मिळते, ही दोन वाक्ये जोडली गेली असती तर तेच उत्तर परीक्षकांना वेगळे ऐकू आले असते. त्यातच मातृभाषेतून विचार करून इंग्रजीत उत्तर देणाऱ्या मुलीवर वेळेचा ताण दुप्पट असतो. मिस युनिव्हर्स आणि मिस वर्ल्डसारख्या मंचांवर दुभाषी घेऊन आपल्या भाषेत उत्तर देण्याची सोय असते आणि लॅटिन अमेरिकेतील स्पर्धक ती निःसंकोचपणे वापरतात. आपल्या मुलींना मात्र राज्य पातळीवरही इंग्रजीतच बोलण्याचा धाक घातला जातो. मराठीत विचारलेल्या प्रश्नाला मराठीतून नेमके उत्तर देणारी मुलगी गुणपत्रिकेत मागे पडलेली मी पाहिली आहे आणि त्यावर परीक्षकांच्या खोलीत मी वादही घातला आहे.

पुढच्याच वर्षी, १९९३ मध्ये, नम्रता शिरोडकर फेमिना मिस इंडिया झाल्या आणि मेक्सिको सिटीत मिस युनिव्हर्सच्या अंतिम सहा जणींत पोहोचल्या. १९३८ मध्ये मराठी पडद्यावर पोहण्याच्या पोशाखात दिसून खळबळ उडवणाऱ्या मीनाक्षी शिरोडकर या त्यांच्या आजी. राज्य पातळीवरच्या स्पर्धांतील पोशाखांविषयी घरात वाद झाला की मी हे आजी-नातीचे उदाहरण हळूच पुढे करते. तसे पाहता मिस वर्ल्डने पोहण्याच्या पोशाखाची फेरी २०१५ पासून बंदच केली आहे. १९९६ मध्ये बंगळुरात मिस वर्ल्ड झाली, तेव्हा विरोधामुळे ती फेरी सेशेल्सला हलवावी लागली होती. त्यामुळे मिस वर्ल्डकडे जाणाऱ्या मार्गावरची एखादी राज्य स्पर्धा आजही या फेरीचा आग्रह धरत असेल, तर तो कशासाठी, हे विचारायला पालकांनी संकोच करू नये.

१९९४ ची फेमिना मिस इंडिया गोव्यात झाली. सुष्मिता सेन आणि ऐश्वर्या राय यांचे गुण ९.३३ वर बरोबरीत आले आणि निर्णयासाठी जादा प्रश्न विचारावा लागला. ऐश्वर्या तेव्हा आधीच नावाजलेल्या मॉडेल होत्या, तर दिल्लीहून आलेल्या सुष्मिता यांचा गाऊन सरोजिनी नगर बाजारातल्या कापडातून परिसरातल्या शिंप्याने शिवला होता आणि हातमोजे पायमोज्यांपासून तयार केले होते. देशाच्या वस्त्रपरंपरेविषयीच्या प्रश्नावर त्यांनी महात्मा गांधींच्या खादीपासून सुरुवात केली आणि बाजी मारली. त्याच वर्षी मे महिन्यात मनिलाला त्या मिस युनिव्हर्स झाल्या आणि नोव्हेंबरमध्ये दक्षिण आफ्रिकेत सन सिटीला ऐश्वर्या मिस वर्ल्ड झाल्या. राज्य स्पर्धेच्या निमित्ताने पालक महागड्या डिझायनर पोशाखाचा खर्च विचारतात, तेव्हा मी त्यांना हा शिंपी आठवून देते. परीक्षक कपड्याचे बसणे पाहतात, त्याची पावती पाहत नाहीत.

२००४ मध्ये नाशिकच्या सायली भगत फेमिना मिस इंडिया वर्ल्ड म्हणून मिस वर्ल्डला गेल्या. त्यांची गोष्ट वेगळ्या कारणाने शिकण्यासारखी आहे. आधी जिला मुकुट मिळाला होता, तिच्या वैवाहिक स्थितीवरून वाद झाला, तिने मुकुट सोडला आणि तो सायली यांच्याकडे आला. अर्जातील प्रत्येक ओळ खरी असणे किती महत्त्वाचे, याचा याहून ठळक दाखला मला माहीत नाही. २००६ मध्ये अमृता पत्की मिस अर्थमध्ये पहिल्या उपविजेत्या ठरल्या. पुण्याच्या पूजा चोप्रा यांनी २००९ मध्ये मिस वर्ल्डच्या मंचावर समाजकार्यासाठीचा ‘ब्यूटी विथ अ पर्पज’ हा मान मिळवला. विवाहित स्त्रियांच्या स्पर्धेतही एक मराठी नाव ठळक आहे. डॉ. अदिती गोवित्रीकर २००१ मध्ये मिसेस वर्ल्ड झाल्या आणि तो किताब मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. रीटा फारिया जिथे शिकल्या, त्याच ग्रँट मेडिकल कॉलेजातून त्याही डॉक्टर झाल्या होत्या.

यानंतर परवान्यांची पळापळ सुरू होते आणि इथेच आजच्या आयोजकांचे दावे तपासायला शिकले पाहिजे. २०१० मध्ये मिस युनिव्हर्सचे तिकीट फेमिनाकडून सुष्मिता सेन यांच्या ‘आय अ‍ॅम शी’ या स्पर्धेकडे गेले आणि २०१२ पर्यंत तिकडे राहिले. त्या तीन वर्षांत ‘फेमिना मिस इंडिया’ जिंकणारी मुलगी मिस युनिव्हर्सला जाऊच शकत नव्हती. २०१३ पासून ते फेमिनाच्याच समूहाने सुरू केलेल्या ‘मिस दीवा’कडे आले. मिस दीवाच्या पहिल्या विजेत्या मानसी मोघे याही नागपूरशी नाते असलेल्या मराठी मुलगी. मॉस्कोत झालेल्या मिस युनिव्हर्समध्ये त्यांनी पहिल्या दहांत स्थान मिळवले, पण मधू सप्रे यांच्या तुलनेत त्यांच्या या यशाची महाराष्ट्रात फारच थोडी चर्चा झाली. २०२४ मध्ये हा परवाना पुन्हा दुसऱ्या संस्थेकडे गेला आणि ‘मिस युनिव्हर्स इंडिया’ या नावाने जयपूरला झालेल्या स्पर्धेत गुजरातच्या रिया सिंघा जिंकल्या. म्हणून ‘आमच्या मंचावरून मुली मिस युनिव्हर्सला जातात’ असे कोणी सांगितले की पहिला प्रश्न असावा, कोणत्या वर्षी, आणि आजही जातात का?

राज्यांच्या सॅशची, म्हणजे राज्याचे नाव लिहिलेली पट्टी खांद्यावरून लावून उतरण्याची, आजची पद्धत मात्र अलीकडची आहे. नव्वदच्या दशकात मासिकातील अर्ज भरून छायाचित्रांसह पाठवायचा आणि त्यावरून निवड व्हायची. प्रियांका चोप्रा बरेलीहून अशाच आल्या. तिथल्या क्लबाची ‘मे क्वीन’ ही त्यांच्या खात्यावरची स्थानिक स्पर्धा होती. २०१७ मध्ये फेमिना मिस इंडियाने रचना बदलली. राज्यागणिक चाचणी फेऱ्या घेऊन प्रत्येक राज्याच्या निवडक मुली विभागीय फेरीत आणायच्या, तिथे राज्याची विजेती जाहीर करायची आणि अशा ३० जणींनी अंतिम फेरीत उतरायचे, अशी ती रचना. पहिल्याच वर्षी हरियाणाची सॅश लावलेल्या मानुषी छिल्लर जिंकल्या आणि त्याच नोव्हेंबरमध्ये चीनमध्ये सान्या इथे मिस वर्ल्ड झाल्या. पुढे २०१८ मध्ये तमिळनाडूच्या अनुकृती वास, २०१९ मध्ये राजस्थानच्या सुमन राव, २०२० च्या स्पर्धेत तेलंगणाच्या मानसा वाराणसी, २०२२ मध्ये कर्नाटकच्या सिनी शेट्टी, २०२३ मध्ये राजस्थानच्या नंदिनी गुप्ता आणि २०२४ मध्ये मध्य प्रदेशच्या निकिता पोरवाल विजेत्या झाल्या.

या यादीत महाराष्ट्राची सॅश एकदाही नाही, हे आपल्या लक्षात आले असेल. त्याचा अर्थ महाराष्ट्रातील मुली कमी पडतात असा काढू नये. सिनी शेट्टी यांचा जन्म मुंबईचा, पण मूळ कर्नाटकातले असल्यामुळे त्या कर्नाटकातर्फे उतरल्या. २०२० च्या स्पर्धेत उपविजेती ठरलेली मान्या सिंह मुंबईत रिक्षा चालवणाऱ्या वडिलांची मुलगी, पण तिची सॅश उत्तर प्रदेशची होती. मॉडेलिंगचे काम मुंबईत एकवटलेले असल्यामुळे महाराष्ट्राच्या चाचणी फेरीत देशभरातून आलेल्या अनुभवी मुलींची गर्दी होते. ज्यांना जन्म किंवा मूळ गाव यांच्या आधारे दुसऱ्या राज्यातून उतरता येते, त्यांनी तसे करणे नियमाला धरूनच आहे. सातारा, लातूर किंवा चंद्रपूरहून येणाऱ्या मुलीला मात्र तो पर्याय नसतो आणि तिची पहिलीच लढत सर्वांत कठीण फेरीत होते. पालकांनी हे आधीच जाणून घेतले, तर पहिल्या नकाराने मुलगी खचत नाही.

एकाच किताबावर थांबू नये, यासाठी मी हरनाझ संधू यांचा मार्ग सांगते. २०१७ मध्ये त्यांनी चंदीगडचा शहरपातळीचा किताब जिंकला. २०१९ मध्ये त्या फेमिना मिस इंडिया पंजाब झाल्या, पण राष्ट्रीय फेरीत पहिल्या १२ जणींपर्यंतच पोहोचल्या. ती वाट तिथे संपली, तेव्हा त्यांनी दुसरी धरली. २०२१ मध्ये मिस दीवा जिंकली आणि त्याच डिसेंबरमध्ये इस्रायलमध्ये एलात इथे त्या मिस युनिव्हर्स झाल्या. लारा दत्ता यांच्यानंतर २१ वर्षांनी भारताला मिळालेला हा मुकुट शहर आणि राज्य या दोन्ही पातळ्यांवरच्या अनुभवातून आला होता. दक्षिणेत याचे वेगळे रूप दिसते. त्रिशा कृष्णन यांना १९९९ मध्ये मिळालेल्या ‘मिस मद्रास’ किताबाने किंवा रंजिनी हरिदास यांना २००० मध्ये मिळालेल्या ‘मिस केरळ’ किताबाने जागतिक मंच दाखवला नाही, पण एकीला तमिळ-तेलुगू चित्रपटांचे आणि दुसरीला मल्याळम दूरचित्रवाणीचे दार उघडून दिले. त्या भाषांतील चित्रपट आणि वाहिन्या स्थानिक किताबांकडे लक्ष ठेवून असतात. मराठीत निर्माते कलाकार शोधतात ते प्रामुख्याने एकांकिका स्पर्धा आणि नाटके यांतून, त्यामुळे इथे राज्याच्या सौंदर्यकिताबावरून चित्रपटात काम मिळेल असे कोणी आश्वासन देत असेल, तर त्यावर फार भरवसा ठेवू नये.

आता आपल्यासमोरच्या निमंत्रणांविषयी. महाराष्ट्राच्या नावाने चालणाऱ्या स्पर्धांपैकी बऱ्याचशा स्वतंत्र, म्हणजे कोणत्याही राष्ट्रीय परवानाधारक संस्थेशी न जोडलेल्या असतात. त्यात वाईट काही नाही. मंचावर उभे राहण्याची भीती मोडायला, दिव्यांच्या झोतात चालायला आणि अनोळखी माणसांसमोर तीस सेकंदांत बोलायला अशा स्पर्धा उत्तम असतात. अडचण येते ती नोंदणी शुल्क, प्रशिक्षण शुल्क, पोशाखाचे भाडे आणि छायाचित्रांचा संच असे पैसे टप्प्याटप्प्याने वाढत जातात आणि शेवटी प्रत्येक मुलीच्या हाती कसला ना कसला उपकिताब ठेवला जातो तेव्हा. वीस मुलींत अठरा किताब वाटलेले मी पाहिले आहेत. आयोजकाकडून एकूण खर्च लेखी घ्यावा, विजेतीवर किती काळाचा करार बंधनकारक आहे ते वाचावे आणि गेल्या वर्षीच्या विजेतीशी स्वतः बोलावे. ती नंतर कुठे गेली आणि तिला जाहीर केलेले बक्षीस प्रत्यक्षात मिळाले का, हे तिच्याइतके खरे कोणी सांगणार नाही. करारात विजेतीला इतर स्पर्धांना बंदी घातलेली असेल, तर एका स्थानिक मुकुटासाठी राष्ट्रीय चाचणीचे एक वर्ष हातचे जाऊ शकते. वयाची अट असलेल्या या क्षेत्रात वर्ष फार मौल्यवान असते.

वय आणि उंची यांबाबत बोलायचे, तर फेमिना मिस इंडियाची वयोमर्यादा ढोबळमानाने १८ ते २५ आहे आणि पूर्वी ५ फूट ५ इंच असलेली उंचीची अट अलीकडे ५ फूट ३ इंचांवर आली आहे. मराठी मुलींच्या सरासरी उंचीचा विचार करता हा बदल मला मुकुटांच्या रचनेतील कोणत्याही बदलापेक्षा मोठा वाटतो. मिस युनिव्हर्सने विवाहित स्त्रियांना आणि मातांना २०२३ पासून प्रवेश दिला आणि २०२४ पासून वयाची वरची मर्यादाही काढून टाकली. त्यामुळे त्या मार्गाला जायचे असेल, तर घाईने काही ठरवण्याची गरज उरलेली नाही. नियम दरवर्षी बदलतात, म्हणून अर्ज भरण्याआधी त्या वर्षीचेच नियम वाचावेत.

आपल्या पुतणीचे वय १९ असून तिचे पदवीचे दुसरे वर्ष चालू आहे, असे आपण लिहिले आहे. माझ्या मते तिने या वर्षी एकच स्वतंत्र राज्य स्पर्धा निवडावी. त्यात ज्या आयोजकाने खर्च आणि करार दोन्ही न मागता लेखी दिले आहेत, त्याला प्राधान्य द्यावे. आशिया पॅसिफिकच्या नावाने पत्रक काढणाऱ्याला नकार कळवावा. फेमिनाच्या चाचणी फेरीचा अर्ज पदवीच्या शेवटच्या परीक्षेनंतर भरावा. तोवर रोज एका वर्तमानपत्रातील अग्रलेख वाचून त्यावर आधी मराठीत आणि मग इंग्रजीत अर्धा मिनिट बोलण्याचा सराव ठेवावा आणि ते बोलणे मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून स्वतः ऐकावे. उंच टाचांवर चालण्याचा सराव घरातल्या फरशीवर करू नये. सभागृहाच्या लाकडी मंचावर पाय वेगळा पडतो, म्हणून महाविद्यालयाच्या रंगमंचाची परवानगी मिळत असेल तर तिथेच सराव करावा.